सगळं खाली

इंदूरच्या मल्हारगंजात आमच्या हॉटेलावर 'टोकेकर भोजनालय' अशी पाटी आहे, पण ती फक्त पोस्टमन वाचतो. बाकी सगळे 'गाना-खाना' म्हणतात. माझ्या सासऱ्यांनी, दत्तोपंतांनी, सदुसष्ट साली बाहेरगावच्या एकट्या नोकरदारांसाठी ही खानावळ काढली. पुढे खानावळीच्या घरमालकांचाच वरचा हॉल भाड्याने मिळाला, तेव्हा तिथे सतरंजी टाकून दर शनिवारी गाणं सुरू केलं. शनिवारच का, तर रविवारी लोकांना उशिरा उठता येतं. यापलीकडे त्यात शास्त्र काही नाही.

नियम मात्र एक होता. वर तानपुरा लागला की स्वयंपाकघरात फोडणी बंद. मिरचीचा ठसका जिन्यावरून थेट गवयाच्या घशात जातो. त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा गाण्यातलं मला पहिल्यांदा काय कळलं, तर मोठा ख्याल म्हणजे वरण चाळीस मिनिटं बिनफोडणीचं. शिकवलं कुणी नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर लसूण सोलत बसायचे, कानावर पडलं तेवढं माझं.

गेल्या दिवाळीनंतर बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, गुडघे तर आधीच गेलेले, आणि गेली ती हिंदी. घरचे डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, एक भाषा पुसली जाते, एक राहते. जन्म इंदुरात गेलेला माणूस, भाजीवालीशी मालवी बोलीत घासाघीस करणारा, आता कुणी 'कैसे हो' म्हटलं की माझ्याकडे बघतो. मराठी मात्र सगळी आहे, शिव्यांसकट.

जिना चढवेना, तेव्हा बाबांनीच तोडगा काढला. "शैलजा, मला वर येववत नाही ना? मग गाणं खाली येईल. या शनिवारपासून सगळं खाली." येईल त्याला हेच सांगत सुटले.

त्याच आठवड्यात घरमालकांचा नातू मोनू, इंदुरी बोलीत मोनू भिया, तब्येत बघायला आला. मुलगा वाईट नाही. पाया पडला, सफरचंदं आणली. मी चहा टाकायला आत गेले. त्याने विचारलं, "दादाजी, ऊपर के हॉल का क्या सोचा?"

'हॉल' तेवढं बाबांना कळलं असावं. म्हणाले, "खाली."

"खाली? पूरा?"

"सगळं खाली. पेटी, तबला, सतरंजी, सगळं."

हे मला शब्दन् शब्द माहीत आहे, कारण त्याने मोबाइलवर व्हिडिओ केलाय. त्याच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामं. रेकॉर्डिंगमध्ये शेवटी माझाही आवाज आहे: "चाय लो भिया, शक्कर कम है." म्हणजे मी तिथेच होते. 'सगळं खाली' माझ्याही कानावर पडलं, आणि मी कप ठेवून भेंडी परतायला गेले. घरात दिवसातून पन्नास वेळा येणारा शब्द. त्यात दचकायचं काय?

दोन दिवसांनी तो हॉल सोडल्याचा, हिंदीत टाइप केलेला कागद घेऊन आला. मी मंडीत गेले होते. बाबांना वाटलं, शनिवारच्या गाण्याचं काही असेल. त्यांनी छान वळणदार सही ठोकली.

मग वर दुसरं कुलूप लागलं. हॉल कोचिंग क्लासला दिलेला.

"अरे भिया, मराठीत खाली म्हणजे नीचे!" मी सांगून पाहिलं.

"तो आंटीजी, दादाजी नीचे बोलते न," मोनू अगदी मनापासून म्हणाला. "मैंने तो तीन बार पूछा. अब उन लोगों को जुबान दे दी."

वकिलाकडे गेलो. त्याने व्हिडिओ दोनदा पाहिला. "ये हिंदी भूलने वाला किस्सा कोर्ट में मत सुनाना, सब हँसेंगे. किसी बड़े डॉक्टर से इतना लिखवा लाओ कि इनको समझ नहीं है. फिर साइन भी गया, व्हिडिओ भी गया. बस, जाँच के टाइम बीच में बोलना मत."

मी रात्रभर कूस बदलत राहिले. सुशांत, माझा नवरा, म्हणाला, "खोटं काही बोलायचं नाहीये, शैलू. फक्त बोलायचं नाहीये."

बाबांना आम्ही चेकअप म्हणून नेलं. हॉलचं त्यांना सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोणत्या शब्दात?

डॉक्टर तरुण होते, अदबीने बोलणारे. "बाबूजी, आज कौन सा दिन है?" बाबा गप्प. "हम किस शहर में हैं?" गप्प. "सौ में से सात घटाइए." बाबा त्यांच्या पेनाकडे बघत राहिले. पेन लिहीत होतं. सगळं वकिलाने सांगितल्याबरहुकूम चाललं होतं. मी भिंतीवरचा मेंदूचा तक्ता वाचायला घेतला.

बाबा माझ्याकडे वळले. मला वाटलं होतं, घाबरलेले असतील. त्यांना तर डॉक्टरांची कीव आली होती.

"शैलजा, याला बिचाऱ्याला मराठी येत नाही वाटतं. काय म्हणतोय, सांग ना."

टेबलाखाली सुशांतने माझ्या पायावर बूट ठेवला. मी गप्प बसले. खरंच बसले.

"अगं, सांग ना. मला कळत नाहीये."

एवढा हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मग नाही बसवलं.

"वार विचारताहेत, बाबा."

"शनिवार. म्हणून तर म्हणतोय, लवकर आटपा." शहर? "इंदूर. हा काय प्रश्न झाला?" शंभरातून सात? "त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर," आणि पुढे उतरतच गेले. मी एकेक आकडा हिंदीत सांगत होते. शेवटी डॉक्टरच हात जोडून "बस बाबूजी, बस" म्हणाले. हसून त्यांनी आधीचा कागद फाडला. "इनकी समझ तो एकदम बढ़िया है, मैडम. सिर्फ हिंदी गई है." नव्या कागदावर मात्र समज उत्तम आहे, एवढंच लिहून दिलं, शिक्क्यासकट.

पार्किंगमधून सुशांतने वकिलाला फोटो पाठवला. लगेच फोन आला. "फिर तो साइन भी समझ के ही किया न? अब कुछ नहीं होगा, भिया." सुशांतने फोन खिशात ठेवला.

गाडीत बाबांनी मागून विचारलं, "काय लिहिलं रे त्याने?"

"तुम्हाला सगळं व्यवस्थित कळतं, असं लिहिलंय," मी म्हटलं.

"मग तोंडं कशाला पाडून बसलात दोघं?"