कार्तिकातला शहाणा ताप

मित्रांनो, नाकाला रुमाल लावू नका, जुन्या कागदाला वास यायचाच. एका गावातल्या मरणांची नोंदवही आहे मी. कोण गेलं, कुणाचं, किती वयाचं, कशानं गेलं, एवढंच मला ठाऊक.

१८९८ साली नागपूरच्या छापखान्यात माझ्यावर रेघा पडल्या आणि मी चोरखमारा तलावाकडच्या एका धानाच्या गावी आले. पानं संपली की नवी शिवत. वयाबरोबर माझी जाडीही वाढत गेली. गावचा कोतवाल मला काखेत मारून दर बाजाराच्या दिवशी ठाण्यावर नेई. आधी मंगरूचा बाप, मग मंगरू. लिहिता दोघांनाही येत नसे. आठवड्याची मरणं ते तोंडपाठ म्हणत आणि ठाण्यातला मुन्शी लिहून घेई.

माझ्यात रकाने पुष्कळ. पटकी, देवी, साप, अपघात, खून. पण गावाचा लाडका रकाना एकच, ताप. अपघात लिहिला की पंचनामा. खून लिहिला की शिपाई चार दिवस मुक्काम ठोकणार आणि तांदूळ, तूप, कोंबड्या गावाच्या. तापाला भेटायला मात्र कुणी येत नसे. म्हातारा झाडावरून पडला तरी ताप. सून विहिरीत सापडली तरी ताप. खुनाचा रकाना तेहेतीस वर्षं कोरा राहिला आणि गाव शांत म्हणून नावाजलं गेलं.

१९३१च्या कार्तिकात मंडई भरली. दिवाळीनंतरची ही जत्रा. पाहुणेरावळे येत, रात्रभर दंडारीचं नाचगाणं रंगे आणि गाव आपली लेकरं चांदीनं मढवून मिरवी. घराची पत लेकराच्या पायावरून कळते, अशी इथली समजूत. तुलसा नावाच्या विधवा शेतकरणीनंही आठ वर्षांच्या चंद्रावतीच्या पायांत चांदीचे तोडे घातले. दुसऱ्या दिवशी पोर धानाच्या बांधीत सापडली. गळ्यावर बोटांच्या खुणा होत्या. तोडे नव्हते.

गावचे प्रमुख, मुकद्दम दुर्गाप्रसाद, यांच्या ओसरीवजा छपरीत मंगरू मला घेऊन उभा राहिला.

"ताप सांगजो," मुकद्दम म्हणाले. "शिपाई आले तं गाव खाऊन जातीन."

तुलसा दारातच होती. "मालक, तापाले तोडे कायले पायजे होते?"

"पोरगी तं गेली, बाई. आता गावाचं नाव काऊन खराब करतेस?"

"गेली माही पोरगी. तुमाले नावाची पडली! तिच्या नावापुढं ताप लिवला तं तिले मारणाऱ्याले कोनी धुंडनार बी नाई."

देवी टोचणारा लखनलाल तिथेच बसला होता. गावात नवी बाळं किती उरली हे पाहायला तो दर हिवाळ्यात मला उघडी. त्या दिवशी त्यानं मला मंगरूकडून मागून घेतलं आणि शेवटाकडून उलटं चाळलं. माझी पानं कुणी सलग पाहिली, ती पहिल्यांदाच. त्याचं बोट कार्तिकापाशी थांबू लागलं.

"मुकद्दमसाहब, आपके गाँव का बुखार बड़ा होशियार है," तो हसून म्हणाला, पण हसू डोळ्यांत नव्हतं. "भादव्यातला ताप म्हाताऱ्यांना नेतो, बाळांना नेतो. कार्तिकातला नेतो फक्त पाच ते बाराची पोरं, मंडईच्या पंधरवड्यात. बापांची नावं पाहा, सगळी चांदीवाली घरं. तेहेतीस सालांत चौदा लेकरं."

चौदांपैकी एक नाव मुकद्दमांच्या धाकट्या भावाचं होतं. त्यांनी ती ओळ वाचली आणि मला मिटून परत दिलं. मग मंगरूला म्हणाले, "जाय. जे झालं ते सांग."

बाजाराची वाट न पाहता मंगरू निघाला. तुलसाही सोबत गेली. मुन्शीनं दोनदा विचारलं आणि तिनं दोनदा सांगितलं. माझ्या कोऱ्या रकान्यात पहिली शाई पडली. शिपाई आले, कोंबड्या गेल्या. मारणारा सापडला नाही. पण त्यानंतर मंडईत लेकरांच्या अंगावर चांदी दिसली नाही आणि पोरांवर घरोघरची माणसं पाळीनं नजर ठेवू लागली.

आता हिशेबाची गंमत ऐका. पुढल्या सोळा वर्षांत खुनाच्या रकान्यात तीन पोरं चढली, आधीच्या तेहेतीसांत एकही नव्हतं. वरच्या कचेरीनं शेरा मारला, "या गावी मुलांचे खून वाढत आहेत. कारण कळवावे." मुकद्दमांनी कपाळावर हात मारला. आधी चौदा लेकरं नेणारा कार्तिकातला ताप त्या सोळा वर्षांत एकदाही आला नव्हता, पण ते विचारायला वरच्या कचेरीत रकाना नव्हता.

१९४७ साली नवी वही आली. मला माळ्यावर चढवण्याआधी तुलसा आली. वाचता तिला येत नव्हतं. मंगरूलाही येत नव्हतं, पण खुनाच्या रकान्यातली पहिली ओळ त्याला जागेवरून ठाऊक होती, ती त्यानं दाखवली. तुलसानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "ताप नाई ना लिवला?"

"नाई, बाई."

"मंग बंद कर."

मित्रांनो, माझी काळजी उंदीर घेऊन राहिले आहेत, तुम्ही घेतली नाही तरी चालेल. लेकरं जपा. आणि एखादं गेलंच, तर त्याच्या नावापुढे आपल्या सोयीचा आजार लिहू नका.