शिळं पाणी आणि गंजका डबा

मी तेलाचा डबा बोलतोय. नाक मुरडू नका, माझ्यातलं तेल संपून बारा वर्षं झाली. उदगीरच्या एका दुकानातून रिकामा निघालो तेव्हा पार्वतम्मानं मला मागून आणलं, आडवी दांडी ठोकून घेतली आणि पाण्याला जुंपलं. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीच्या तळाचं पाणी मीच घरी आणलं.

पुढं तिच्या लेकाच्या, ईश्वरप्पाच्या नोकरीपायी आम्ही लातूरला आलो. तिथं डाळ-तांदळाचं धुवण मी साठवायचो आणि ते दारच्या बेलाला जायचं. त्या बेलाच्या पानांवर पार्वतम्माची रोजची लिंगपूजा चाले.

मग लातूरचा जिल्हा झाला आणि ईश्वरप्पाच्या अंगात जिल्हा शिरला. घरात नळ आला. पावसानं दडी मारलेली, नळ तीन दिवसाआड येई. तरी तो सुरसुरला रे सुरसुरला, की हा गडी भरलेले हंडे गटारीत पालथे करी. का, तर पाणी शिळं झालं! पाणी काय भाकरी आहे? गटारीत डुकरं लोळायची. मला किळस यायची, पण डुकरांची नव्हे.

पार्वतम्मा ते पाणी माझ्यात धरायला धावे. एकदा साहेब चहाला येणार होते. ईश्वरप्पा म्हणाला, "जिल्ह्याच्या गावात राहायलोत आपण, अव्वा. हे डबडं बरं दिसंना." आणि मला उकिरड्यावर भिरकावलं.

तिथं शेजारी कोण? अख्ख्या भाकरी, कान तुटलेला चांगला कप आणि माझ्या जागी आणलेली, तीन महिन्यांत तडकलेली प्लास्टिकची बादली. फेकणारे जाताना नाकाला रुमाल लावत. शी!

मे महिन्यात एका सकाळी नळ सुरसुरला. ईश्वरप्पानं सवयीनं सगळे हंडे रिकामे केले. नळानं नुसती हवा सोडली, ती पुढं आठ दिवस. मी गेल्यापासून धुवण साठत नव्हतं, बेलाचं शेवटचं पानही गळालं.

"अव्वा, पूजेला बेल न्हाई?" त्यानं विचारलं.

"गटारीला माग," पार्वतम्मा म्हणाली.

त्या संध्याकाळी तो उकिरड्यावर आला. मला हुडकलं, बेलाच्या बुडाशी ठेवलं. बूड गंजून भोक पडलंय, त्यातून तो ओततो ते धुवण दिवसभर थेंब थेंब झिरपतं. अजून एक पान फुटलेलं नाही.

तुम्हीही कालचं पाणी ओतायला निघाला असाल, तर हात आवरा. नाहीतर मला तोंड दाखवू नका. पार्वतम्मा रोज बिनपानाची पूजा करते आणि लेकाकडं बघत नाही.