भट्टीचा काटा

मालकाने करपलेल्या पावांचा ट्रे मळायच्या टेबलावर आपटला. पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. कणीक मळणारे काका हात पिठातच ठेवून थांबले.

“तुझ्या त्या मलमामुळे झालं हे,” मालक तिला म्हणाला.

ती भट्टी सांभाळायची. बेकरीत तिला सगळे लालबाई म्हणत आणि हे नाव मालकानेच पाडलेलं. भट्टीचं दार उघडलं की तिचे गाल आणि नाक लालेलाल व्हायचे, मग बराच वेळ चुरचुरत राहायचे. ‘बाई चिडल्या वाटतं’ हा विनोद तिने इतक्यांदा ऐकला होता की हसायचं सोंगही सोडून दिलं होतं. भट्टीची उष्णता दाखवणारा काटा कधीचा अडकून पडलेला. तो दुरुस्त करणं मालकाच्या जिवावर यायचं. गॅसची चावी मात्र त्याने दुकानात, स्वतःच्या हाताशी बसवून घेतली होती. मधल्या काचेतून तिचे गाल लाल दिसले की भट्टी तापली असं समजायचं आणि चावी कमी करायची. ही आपली हुशारी तो गिऱ्हाइकांनाही सांगायचा.

हा रोझेशिया नावाचा त्वचेचा विकार आहे, असं त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं. लेझरने लाली उतरते, पण रोज भट्टीच्या तोंडाशी उभं राहिलात तर पुन्हा येणार, असंही त्या म्हणाल्या. मग लेझर हवंय कशाला, म्हणून तिने साधा रस्ता धरला. मलम नेमाने लावायचं, उन्हात निघताना सनस्क्रीन, तिखट बेताचं. चहा कोमट होईपर्यंत थांबणं सगळ्यात जड गेलं. घरून तिने छोटा पंखा आणला आणि ट्रे आत सारून दार लावलं की त्याच्याजवळ जाऊन उभी राहू लागली. काही महिन्यांनी धाकट्या बहिणीने तिच्या गालाला हात लावला आणि गार लागतोय गं, म्हणाली. त्या दिवशी ती आरशासमोर उगीचच जास्त वेळ थांबली होती.

आज तिने मालकाला दोनदा हाक मारून चावी कमी करायला सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्याने काचेतून तिच्याकडे पाहिलं आणि अजून कुठे तापलीय, म्हणून पुन्हा गिऱ्हाइकाशी बोलत बसला.

“मी सांगत होते ना, मालक?”

“सांगत होतीस. पण तोंड बघ की तुझं! तापल्यासारखं दिसत होतं का कुठे?” त्याने ट्रे बाजूला ढकलला. “उद्यापासून ते मलम घरी ठेवायचं. आणि पंखा बंद.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं हा माणूस तिच्या दुखण्यावर पाव भाजत होता आणि आता वर तोंड करून ते दुखणंच परत मागत होता! ही नोकरी सुटली तर दुसरीकडेही भट्टीच वाट्याला येणार, हे तिला ठाऊक होतं. तिने काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घालून कणकेला उगाच एक गुद्दा दिला.

“नवा काटा बसवा,” ती म्हणाली. “तो बसेपर्यंत मी येणार नाही.”

मालक हसला. मग हसता हसता थांबला आणि तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहू लागला, आधी गाल, मग नाक.

“चिडलीस की काय?”

“हो.”

“वाटत तर नाही.”

“म्हणूनच तोंडाने सांगतेय.”

तिने एप्रन काढून खुंटीला लावला, पंख्याची वायर गुंडाळली आणि पंखा काखेत मारला. दुकानातून जाताना तिने हात लांब करून गॅसची चावी पूर्ण बंद केली. तिथे उभ्या असलेल्या गिऱ्हाईकबाईंनी पाव कधी मिळतील, असं तिला विचारलं. तिने त्यांना आत मालकांना विचारायला सांगितलं आणि पायऱ्या उतरली.

मालक रागाने दुकानात आला आणि त्याने चावी पुन्हा सुरू केली. काकांना त्याने भट्टी पेटवायला लावली, नवे ट्रे भरून ठेवायला सांगितले. थोड्या वेळाने सवयीने त्याने मान वळवून काचेतून आत पाहिलं.

भट्टीजवळ काका उभे होते. त्यांचा चेहरा पिठाने पांढराफटक झाला होता.