एसेताचा निष्कर्ष

सावाईई बेटावरच्या आमच्या गावात एसेताच्या घराण्याचा मताई, म्हणजे कर्ता, वारला त्याला चार वर्षं झाली होती. नवा कोण, यावर घराण्याच्या दोन शाखा अजून शांतपणे विचार करत होत्या. विचार करता करता एकमेकांच्या तारोच्या, म्हणजे अळूच्या, मळ्यात डुकरं सोडायची, एवढाच काय तो आवाज.

एसेता तेव्हा पलीकडच्या बेटावर, आपियाला, विद्यापीठात समाजशास्त्र शिकत होती. त्याचं पुढे काय होतं हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या आजीने, मासीनाने, एकदा विचारून पाहिलं.

"डॉक्टर होशील का गं टवळे?"

"नाही."

"निदान नर्स?"

"नाही आजी. माणसं एकत्र कशी राहतात ते शिकतेय."

"आणि त्याला बोटीने जावं लागतं?"

एसेताला तर आणखी लांब जायचं होतं. वेलिंग्टनला पुढच्या अभ्यासाची जागा मिळाली होती. मधे एक प्रबंध तेवढा उरला होता. तिने विषय घेतला, 'घराणं आपला कर्ता कसा निवडतं'. घरचाच विषय, राहणं-जेवण फुकट. पोरीने नेमकं शहाणपण केलं, आणि तिथेच फसली.

ती घरोघर गेली. छपराखालून वाकून आत शिरली, मांडी घालून बसली, विचारलं, "कर्त्यात काय काय गुण असावेत?" आणि समोरचा बोलून दमेपर्यंत मधे एक शब्द बोलली नाही. मासीनाच्या शाखेत जेवलेल्या माणसाला दुसऱ्या, सेफोकाकाच्या शाखेत पाणीही मिळत नसे. ही दोन्हीकडे पालुसामी, नारळाच्या दुधात शिजवलेली तारोची पानं, चापून आली. शास्त्रात त्याला तटस्थता म्हणतात.

आता, आमच्याकडे अशा दिवसांत घरोघर जाऊन, मांडी घालून, कर्त्याविषयी गोष्टी काढणारं माणूस एकाच प्रकारचं असतं. ज्याला स्वतःला कर्ता व्हायचंय ते. तोंडाने तसं कुणी म्हणत नाही, म्हटलं तर नाव बाद. एसेता याच गावात वाढलेली, तिला हे माहीत नव्हतं असं नाही. पण विद्यापीठाने त्या गोष्टीला 'मुलाखत' असं नवं कापड नेसवलं होतं, आणि पोरीने ते ओळखलंच नाही.

तिच्या प्राध्यापक लोसीबाईंचा दंडक होता, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना निष्कर्ष सांगायचे. रविवारी चर्च सुटल्यावर, जेवणं झाल्यावर, दोन्ही शाखा मोठ्या घरात खांबांना टेकून बसल्या. एसेता मागच्या बाजूला, बायकांत. तिथूनच तिने वाचून दाखवलं.

"सगळ्यांचं एकमत असं. कर्ता ऐकून घेणारा हवा. दोन्ही घरी जेवणारा हवा. पिणारा नको. आणि सर्वांत महत्त्वाचं, गावात राहणारा हवा. मागचा ऑकलंडहून फोनवर घराणं चालवायचा, तसं पुन्हा नको."

हातातले पंखे हलायचे थांबले. सगळे तिच्याकडे बघत होते. एसेताने मागे वळून पाहिलं. मागे एक कोंबडी होती.

सेफोकाका खाकरले. "मासीनाच्या घरात अक्कल नाही असं मी चार वर्षं म्हणतोय. एक दाणा माझ्या नजरेतून निसटलेला दिसतो."

"काका, मी उमेदवार नाही!" एसेता म्हणाली. "मी लायक नाही!"

दोन्ही शाखांनी माना डोलावल्या. लायक माणूस हेच म्हणतो.

"मला नकोय हे पद!"

"हिचा आजा याहून जोरात ओरडला होता," एक म्हातारा कौतुकाने म्हणाला.

"अहो, चोवीस वर्षांची पोर मी!"

"म्हातारे करून पाहिले की," मासीना म्हणाली. "एक फोनवर गेला, एक बाटलीत."

एसेताने लोसीबाईंना फोन लावला. बाई हरखल्या.

"अगं, आतून निरीक्षण! असा योग कुणाला येतो?"

"बाई, मला बाहेर पडायचंय."

"त्याचंही एक प्रकरण कर."

सुटायची एकच वाट होती. दोन्ही शाखांनी दुसऱ्या कुणावर तरी एकमत करायचं. आणि ते एकमत घडवायला कुणीतरी परत घरोघर फिरायला हवं. एसेता सोमवारी निघाली. वेलिंग्टनच्या विमानासाठी शनिवारची बोट गाठायची होती.

"काका, तुमचा थोरला कसा वाटतो कर्ता म्हणून?"

"ते राहू दे. आधी डुकरांचं बघ."

तिने डुकरांचं पाहिलं. मधे कुंपण घालायचं, खांब एका शाखेने द्यायचे, तार दुसरीने. घाईत होती म्हणून झटकन बोलून गेली. चार वर्षांचं भांडण दुपारच्या कोकोआधी मिटलं. पुढच्या घरी पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती, आणि तिथे लोक पाण्याच्या नळाचं भांडण घेऊन रांगेत बसले होते. थोरल्याचं नाव काढायला तिला आठवडाभर सवडच झाली नाही.

शनिवारी सकाळी तिने बॅग भरली आणि आजीपुढे जाऊन उभी राहिली.

"आजी, मी निघाले."

जिने जन्मभर तिला टवळे म्हणून हाक मारली, ती मासीना गुडघ्यांवर हात देत उठली. आतली बारीक विणीची चटई आणून तिने फक्त कर्त्यानेच टेकायच्या खांबापाशी अंथरली.

"आपली मर्जी," ती खाली बघत म्हणाली. "आपल्याला कोण अडवणार?"

"आजी, असं बोलू नकोस ना. टवळे म्हण."

"आपण बसावं. कोको आणते."

घर चारी बाजूंनी उघडं. एकही भिंत नाही, दार नाही, कडी नाही. एसेता बॅग घेऊन जरा वेळ मधोमध उभी राहिली. पायवाटेवरून सेफोकाका वर येत होते, हातात तारेचं भेंडोळं, आणि तोंडावर काहीतरी नवं भांडण. ती बसली.

त्या खांबाला टेकलं की धक्क्यावरून सुटलेली बोट पार नजरेआड होईपर्यंत स्वच्छ दिसते. जागा कुठल्या तरी जुन्या कर्त्यानेच निवडली असणार.