ठिगळाचा मान

दिवाणखान्यात कोणीच बोलेना. पंखा फिरत होता आणि त्याच्या वाऱ्याने सोफ्यावर अंथरलेल्या दोन पोशाखांपैकी एकाची रिकामी बाही मधूनच उचलली जाई, थबके आणि पुन्हा खाली पडे.

सोफ्याच्या एका टोकाला मरून मखमलीची अचकन होती. मखमलीवर जर, जरीवर खडे, खड्यांवर पुन्हा जर. दुसऱ्या टोकाला वाळल्या मातीच्या रंगाची लिननची अर्धी चड्डी, तसलाच बिनकॉलरचा सदरा आणि गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे. दोन्ही पोशाख रणविजयराजांचे. राजांना पाचवे लागले होते आणि सध्या ते सोफ्याखाली शिरून एका मुंगळ्यावर स्वारी करत होते.

ही शांतता रूपालीच्या प्रश्नाने पडली होती. दसरा उद्यावर आला तरी सासरे आणि नवरा यांच्यातला मखमल की लिनन हा तंटा मिटत नव्हता. ती मध्येच म्हणाली होती, "आणि ठिगळ?"

सासरे रामराव म्हणजे फाटकावरच्या संगमरवरी पाटीनुसार श्रीमंत रामराजे. पूर्वी कधीतरी या घराण्याकडे रिठदच्या बाजूच्या सात गावांची वसुली होती. वसुली गेली, गावे गेली. मग पुष्कळ वर्षांनी 'राजे' आले. ही उपाधी कोणत्या बादशहाने बहाल केली हे कोणालाच ठाऊक नव्हते. ती पहिल्यांदा मुलाच्या, भागवतच्या, लग्नपत्रिकेत दिसली आणि पाहुण्यासारखी आलेली ती परत गेलीच नाही. तिच्या सोबतीला फाटकाच्या खांबांवर सिमेंटचे दोन सिंह बसवले गेले. एकाचा कान वानरांनी तोडला होता. त्यामुळे तो सिंह कायम काहीतरी ऐकू न आल्यासारखा दिसे.

मखमल ही रामरावांची परंपरा होती. ती त्यांनी वाशीमच्या एका लग्नाच्या कपड्यांच्या दुकानातून मागच्याच आठवड्यात आणली होती. लिनन ही भागवतची आधुनिकता होती. तो पुण्यात कंपन्यांची प्रतिमा घडवण्याचे काम करी आणि आता घराण्याची घडवू पाहत होता. विलायतेतल्या राजघराण्यांतली मुले कडाक्याच्या थंडीतही अर्ध्या चड्डीत मिरवतात, खरे राजेपण चमकत नसते, ते फिके असते, हे त्याने फोनवर पाहून पाहून आत्मसात केले होते. ज्या गावात अर्ध्या चड्डीत हिंडणाऱ्या पोरांना कोणी राजपुत्र म्हटले नव्हते, त्या गावाला तो उद्या हे समजावून देणार होता.

अखेर रामराव बोलले. "ठिगय? ते कायले?"

"कायले म्हणजे? तेच तर असतं ना, मामाजी. बाकीचं सगळं वरून चढवलेलं."

ते खरे होते. या घराण्यात एके काळी पाळणे हलत आणि थांबत. कोणा पूर्वजाची लागोपाठची मुले गेली, तेव्हा तांड्यावरच्या एका बाईने आपल्या लेकराच्या कुडत्याची चिंधी दिली. ती अंगावर घातलेले मूल तेवढे जगले. तेव्हापासून पाचव्या वर्षी, दसऱ्याच्या सकाळी, वारस पारावर उभा करून गावाला दाखवत. त्याआधी घरातल्या वडील पुरुषाने तांड्यावर जायचे, जिची सारी मुले जगली अशा बाईपुढे शेला पसरायचा आणि म्हणायचे, 'आमच्या घरी टिकत नाही, तुमच्या घरचं द्या.' मग ते ठिगळ मुलाच्या छातीवर बाहेरून शिवायचे. मृत्यू घराण्याच्या शोधात आलाच, तर त्याला गरिबाचे लेकरू दिसावे आणि त्याने मुकाट पुढे जावे.

"मखमलीवर चिंधी?" रामरावांचा आवाज चढला. "अन् मी हात पसरू? तांड्यावर? जिल्हा परिषद तोंडावर आली अन् म्या लोकायले मांगत फिरू?"

"मत मागायले जाताच की," रूपाली म्हणाली.

"ते येगळं. मत मांगतानी आपन त्यायले काहीतरी देऊन राह्यलो असतो."

भागवतने फोनवरून मान वर केली. "रूपाली, हायजीनचा विचार कर जरा. कुणाचं तरी जुनं कापड. आणि रंगांचं पूर्ण पॅलेट बिघडतं."

तीन दिवसांत बापलेकांचे पहिल्यांदाच एकमत झाले होते. परंपरा आणि आधुनिकता यांची अशी दिलजमाई पाहून फाटकावरच्या सिंहांनाही गहिवरून आले असते, निदान ज्याला दोन कान होते त्याला.

रूपाली अनसिंगच्या मास्तरांची लेक, रसायनशास्त्राची पदवीधर. ठिगळाने कोणी जगते यावर तिचा विश्वास होता की नव्हता, हे तिचे तिलाही नीट सांगता आले नसते. रणूच्या आधी या घरात दोनदा पाळणा टांगला होता. दोन्ही वेळा तो रिकामा उतरवताना दोरीची गाठ तिनेच सोडली होती. पदवी डोक्यात होती. ती गाठ अजून बोटांत होती.

"ठिगळाशिवाय रणू उंबरा ओलांडणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही दोघं मिळून ते कपडेच उभे करा पारावर."

सोफ्याखालून आवाज आला, "आई, मुंगळा मेला."

यापुढची सूचना भागवतची. त्याने डोळे बारीक केले, हवेत बोटांची चौकट धरली आणि तिच्यातून बापाकडे पाहिले. "बाबा, एक मिनिट. राजा लोकांपुढे झुकतो. हात पसरतो. यात काय ताकद आहे माहितीये? कुणाकडेच नाहीये असं काही. मी शूट करतो."

रामरावांनी मिशीवरून बोट फिरवले. "झुकायचं म्हंजे... कितीक झुकायचं?"

सकाळी गाडी तांड्यावर पोहोचली तेव्हा रणविजयराजांचा पोशाख ठरला होता. दोन्ही पक्षांचा मान राखून तह झाला होता : कमरेच्या वर अचकन, कमरेखाली अर्धी चड्डी आणि पांढरे मोजे. वर दरबार, खाली विलायत, आणि मध्ये घामाने चिंब झालेला एक मुलगा, जो गळ्याशी टोचणारी जर सारखी ओढत होता.

तांड्याच्या तोंडाशी ऊसतोडीचा ट्रक उभा होता. अंथरुणे, भांडी, कोंबड्यांची खुराडी वर चढत होती. जमनाबाई आपल्या दारात एका गोधडीची गुंडाळी करत बसली होती. तिची पाचही मुले जगली होती. दोघे ट्रकवर उभे राहून सामान घेत होते.

"जमना!" रामरावांनी गाडीतून उतरता उतरता हाक दिली. "एक चिंधी दे वं. पोराले लावाची हाय."

जमनाबाईने वर पाहिले. आधी अचकनीकडे, मग मोज्यांकडे. "बाप्पा! हे कोनाचं पोट्टं? वरून नवरदेव अन् खालून कॉन्व्हेंट?"

ट्रकवरचे हसले. रामरावही हसले, कारण कॅमेरा सुरू होता.

"चिंधी पाह्यजे म्हनता?" ती आत गेली आणि कपड्यांचे एक बोचके आणून समोर उलगडले. "घ्या. कोनतीबी."

त्यातला प्रत्येक कपडा एकसारखाच होता. भगव्या रंगाची, चकचकीत, घामाने विटलेली जर्सी. छातीवर 'रामराजे चषक' आणि पाठीवर हात जोडलेल्या रामरावांचा चेहरा. काही चेहऱ्यांना भोके पडली होती. एकाच्या मिशीवर हळद सांडली होती.

"तीन वरसं झाले, तांड्यात दुसरं जुनं कापडच नाई उरलं," जमनाबाई म्हणाली. "लेकरं हेच घालते, म्हातारे हेच घालते. माही बकरी थंडीत हेच घालते."

रामराव क्षणभर विरघळले. इतक्या अंगांवर आपण आहोत, ही भावना सिंहासनापेक्षा काही कमी नव्हती. त्यांनी त्यातल्या त्यात हसरा चेहरा निवडायला हात पुढे केला.

"हे नाही चालणार," रूपाली म्हणाली. "हे आपल्याच घरचं आहे, मामाजी. आपलंच आपल्याला लावून काय उपयोग? ते आपलं घर ओळखेल."

'ते' म्हणजे काय हे तिने सांगितले नाही. पण जमनाबाईचे हसू मावळले. तिने रूपालीकडे पहिल्यांदाच नीट पाहिले.

"मावशी, तुमच्या घरचं काही."

"माह्या घरचं म्हनशीन तं ही एक गोधडी हाय." तिने मांडीवरची गुंडाळी अर्धी उलगडली. लुगडी, धोतरे, कोणाचे तरी झबले. रंग एकमेकांत विरून पावसाळी संध्याकाळसारखे झालेले. "माह्या सासूनं शिवली. पाची पोरं याच्यावरच झोपले, ऊसतोडीच्या कोपीवर, थंडीत. देइन मी. कापतो आताच. पन मांगा तं पद्धतीनं मांगा."

तिने कात्री आणून शेजारी ठेवली आणि वाट पाहू लागली.

रामरावांनी शेला खांद्यावरून काढला. त्यांच्या हातांना दोनच मुद्रा येत होत्या, वाटण्याची आणि जोडण्याची. पसरण्याची मुद्रा त्यांना सापडेना. शेला एकदा हारासारखा धरला गेला, एकदा सतरंजीसारखा. ट्रकवरचे आता हसत नव्हते. रणूने आजोबांचे बोट धरले, आणि त्या ओलसर, गरम बोटांनी काय केले कोण जाणे, रामरावांचे गुडघे खाली आले. शेला पसरला गेला. त्यांचा तो सभेतला आवाज कुठेतरी मागेच राहिला आणि अगदी साधा, म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला :

"आमच्या घरी टिकत नाई वं. दोन गेले. तुमच्या घरचं दे."

'दोन गेले' हे शब्द रिवाजात नव्हते. या घरात ते कोणी कधी उच्चारले नव्हते. रूपालीने पदर तोंडाशी धरला. जमनाबाईने मान हलवली, गोधडीचा कोपरा मांडीवर ओढला आणि कात्री उघडली.

"थांबा, थांबा, मावशी, आत्ताच नका कापू!" भागवत ट्रकच्या दिशेने हात हलवत होता. "ते इंजिन बंद करा ना जरा! बाबा, आवाजच आला नाही. परत एकदा घेऊ. आणि ते दोन वगैरे नको, निगेटिव्ह जातं. थोडं डावीकडे, सिंहासारखं बसा ना."

इंजिन बंद झाले. रामरावांनी भागवतकडे पाहिले, मग फोनकडे. रूपाली हळूच म्हणाली, "मामाजी, नका."

पण फोनच्या काळ्या काचेत त्यांना स्वतःचा गुडघे टेकलेला आकार दिसला असावा. त्यांनी मिशी सावरली. धूळ झटकली. शेला या वेळी पहिल्याच फटक्यात सुरेख उलगडला, हात नेमके पसरले, मान योग्य तेवढी झुकली.

"माय," ते म्हणाले, आणि आवाज शेवटच्या झोपडीपर्यंत खणखणीत गेला, "हा रामराजे आज तुझ्या दारी मागणं घेऊन आला आहे. राजा आणि रयत यांचं नातं रक्ताचं नसतं, चिंधीचं असतं. आमच्या घरी टिकत नाही. तुमच्या घरचं द्या, माय!"

"परफेक्ट," भागवत म्हणाला.

जमनाबाईने कात्री मिटली. रणू तिच्याजवळ आला होता. त्याच्या पांढऱ्या मोज्यांत कुसळे भरली होती आणि तो एका पायावर उभा राहून ती ओढायचा प्रयत्न करत होता. तिने वाकून त्यातली दोनचार काढली. त्याच्या कपाळावरून बोटे फिरवून ती आपल्या कानशिलांवर कडाकड मोडली. मग गोधडीची गुंडाळी पुन्हा घट्ट केली, तिला दोरी बांधली.

रूपाली पुढे झाली. "मावशी, पहिलं मागणं खरं होतं. तुम्ही ऐकलंत ना? तेवढंच धरा. मावशी..."

जमनाबाईने गोधडी डोक्यावर घेतली आणि ट्रककडे चालू लागली.