तिसऱ्या वळणावरची ठिणगी

डोंगरावरून गाडी खाली आली तेव्हा थोरली जाऊ हेल्मेट काढता काढताच बोलायला लागली. "पहिल्या फेरीत दुसरे आहोत आपण. ठिणगी अजून जरा आधी पाड गं, म्हणजे त्या पहिल्या नंबरवरच्या दंतवैद्याची जिरवते."

"आधी बघू तर द्या, जाऊबाई." धाकटी दारातून आत वाकून लॅपटॉपची वायर जोडत होती.

जावा-जावांचं पटत नाही म्हणतात. या दोघींचं पटायचं, आणि त्याला कारण ही दोन सीटांची जुनी गाडी. थोरलीला वेगाचं वेड. धाकटी क्लिनिकमध्ये लोकांना श्रवणयंत्रं बसवून द्यायची; घरात तिला सगळे कानसेन म्हणत. थोरलीच्या नवऱ्याचं गॅरेज होतं. त्याने गाडीला टर्बो बसवला आणि गाडीला पंख फुटले. मात्र गेल्या वर्षी याच शर्यतीत अर्ध्या चढावर पिस्टनला भोक पडलं. चढायला गेलेली गाडी दोरीला बांधून उतरवावी लागली, तीही सगळ्यांच्या देखत.

भोक पडलं ते ठिणगीच्या घाईने. इंजिनात हवा आणि पेट्रोल दाबलं जातं, पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडते आणि जोर मिळतो. ती फारच आधी पडली, त्यात टर्बोने कोंबलेली हवा तापलेली असली, की उरलेलं पेट्रोल आपली पाळी यायची वाट न बघता आपणच भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यात हातोडा बसतो. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. गॅरेजवाले म्हणतात, गाडी नॉक करतेय. हेल्मेट घालून थोरलीला तो आवाज ऐकू आला नव्हता.

त्या दिवसापासून ठिणगीचं खातं धाकटीने आपल्याकडे घेतलं. इंजिनाला छोटा माइक चिकटवून, कानाला हेडफोन लावून ती वर्षभर रिकाम्या रस्त्यांवर थोरलीच्या शेजारी बसली होती. पण शर्यतीत कधीच नाही.

"हे बघा," तिने लॅपटॉप बॉनेटवर ठेवला. "तिसऱ्या वळणातून बाहेर पडताना तुम्ही पाय दाबता. इंजिनाचे फेरे कमी, टर्बोचा दाब मात्र पूर्ण. तिथे दोनदा नॉक झालंय."

थोरलीचा चेहरा उतरला. "मला काहीच कळलं नाही."

"गाडीच्या संगणकाला कळलं. त्याने घाबरून ठिणगी एकदम उशिरा पाडायला घेतली. आणि तो एकदा घाबरला की लवकर सावरत नाही. वरचा अख्खा सरळ रस्ता इंजिन अंग चोरून चाललं."

"म्हणजे जोर होता, पण मिळालाच नाही?"

"तेच तर. वळणावर मी आपण होऊन ठिणगी थोडी मागे घेते. नॉक झालंच नाही तर तो घाबरणार कशाला? आणि वर, फेरे चढले की, किंचित आधी पाडायला जागा आहे."

थोरलीचा नवरा पुढे झाला. "वर हात लावू नकोस. गेल्या वर्षी मी तेच केलं होतं."

"भावजी, तुम्ही सगळीकडे वाढवलं होतंत. मी वळणावर कमी करून फक्त वर वाढवतेय. तेही नखभर."

त्याने लॅपटॉपवरच्या आलेखावरून बोट फिरवलं आणि होकाराची मान हलवली. तेवढ्यात भोंग्यावरून पुकारा झाला: दंतवैद्याने दुसऱ्या फेरीत स्वतःचीच वेळ आणखी खाली आणली होती.

थोरलीने हातमोजे चढवले. "कर काय करायचं ते. पण तू शेजारी बसायचं. नियमात बसतं. टकटक ऐकू आली की माझ्या गुडघ्यावर थाप मार, मी त्या क्षणी पाय उचलते."

"माझं वजन वाढेल ना गाडीत."

"काडीएवढी तर आहेस."

छत्रीखाली खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "दोघी जाताय तर दोघी परत या. घरी मुलांना आणि त्यांच्या बापांना मी एकटी आवरणार नाही."

रांगेत उभं राहून इंजिन तापू नये म्हणून थोरलीच्या नवऱ्याने बॉनेट उघडून आत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या होत्या आणि पुठ्ठ्याने वारा घालत होता. त्यांचा नंबर आला तशा त्याने पिशव्या उचलल्या, बॉनेट खाली आपटलं आणि बाजूला झाला.

दिवा हिरवा झाला.

धाकटीची पाठ सीटला चिकटली. पहिलं वळण, दुसरं वळण. बाहेरचं काही तिला दिसतच नव्हतं, ती फक्त ऐकत होती. तिसरं वळण आलं. थोरलीने गाडी आत घातली, नाक सरळ झालं आणि पाय तळाला गेला. टर्बोची शीळ चढत गेली. धाकटीने श्वास रोखला. हेडफोनमध्ये नुसती एकसंध, भरीव घरघर, एक खडासुद्धा नाही.

आणि मग सरळ रस्ता लागला. वर्षभरात गाडी अशी कधी धावली नव्हती. गिअर पडला, पुन्हा पडला, आवाज चढत चढत एका सुरावर जाऊन बसला. धाकटी आपसूक हसायला लागली.

टक्.

तिचा हात उचलला गेला. पुन्हा, टक्. गुडघा वीतभर अंतरावर होता. थाप मारली तर शर्यत गेली, नाही मारली तर कदाचित इंजिन. पण नॉकला एक ठेका असतो, तो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर येतो. हा आवाज फेऱ्यांशी जुळत नव्हता. मागे कुठेतरी, पत्र्याखाली उमटत होता. रस्त्यावरची खडी. तिने हात मागे घेऊन मांडीवर घट्ट दाबून धरला.

शेवटचं वळण, मग चौकटीचा झेंडा सर्रकन मागे गेला.

वेळ जाहीर व्हायला जरा उशीर लागला. थोरली स्टिअरिंग सोडायला तयार नव्हती. मग भोंगा खरखरला, आकडा आला, आणि तो दंतवैद्याच्या वेळेपेक्षा डोळ्याचं पातं लवेल एवढ्याच फरकाने कमी होता. थोरलीने पट्टा सोडला, वाकून धाकटीच्या हेल्मेटवर आपलं हेल्मेट आपटलं आणि तशीच रडत-हसत राहिली.

"तुझा हात उचललेला मी बघितला," ती म्हणाली. "माझा जीव गेला होता."

"माझाही."

"मग मारली का नाहीस थाप?"

"खडी होती, जाऊबाई."

खाली पोचल्यावर थोरलीच्या नवऱ्याने अभिनंदन वगैरे काही केलं नाही. इंजिन थोडं निवू दिलं आणि स्पार्क प्लग काढून एकेक उन्हात धरून पाहिला. नॉकने पिस्टन खरवडला तर प्लगवर काळे-चंदेरी ठिपके येतात. एकाही प्लगवर ठिपका नव्हता. सगळे स्वच्छ, फिकट तपकिरी. शेवटचा प्लग त्याने फडक्यात गुंडाळून धाकटीच्या हातात दिला. अजून गरम होता.

"वरचं मला जमलं नसतं," तो म्हणाला. "सोमवारी गॅरेजमध्ये येऊन मला नीट समजावून सांग."

"येते. पण प्लग परत बसवा आधी, बक्षीस घ्यायला परत डोंगरावर जायचंय."

सासूबाई खुर्चीवरून उठल्या, छत्री मिटून मुलाच्या हातात दिली आणि धाकटीच्या सीटवर जाऊन बसल्या.

"ही पायी येईल वर," त्या थोरलीला म्हणाल्या. "हा पट्टा कुठे अडकवायचा ते सांग, आणि उगाच माझ्यासाठी हळू चालवू नकोस."