ढब्बूच्या नावावर

कुत्र्याच्या पिल्लाला घरात शू करू नको हे शिकवण्यात काय मोठंसं, असं मीच म्हणालो होतो. सगळ्यांसमोर, छाती पुढे काढून. लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होतो मी. भलेभले कंडक्टर माझ्या हाताखाली सरळ झाले, तिथे हे वीतभर जनावर काय चीज? वर हेही ऐकवलं की स्टॉप आल्याशिवाय मी कधी गाडी थांबवली नाही. पॅसेंजरनं हात जोडले तरी नाही, आणि स्वतःसाठी तर नाहीच नाही. धरून ठेवणं म्हणजे काय ते या म्हाताऱ्याकडून शिका म्हणावं. मुलगा हसला, सून हसली, नात टाळ्या पिटायला लागली. गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं माझं? पण नाही, आमच्या जिभेला लगाम कुठला.

पिल्लू हवं होतं नातीला. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून आम्ही तिला टिकली म्हणतो. आणि पिल्लाचं पोट गोल गरगरीत, म्हणून तो ढब्बू. सूनबाईला घरात कुत्रं नकोच होतं. ती मोठ्या हॉस्पिटलात पुरुषांच्या वॉर्डावर नर्स आहे. पायातले बूट सोडता सोडता तिनं तिची अट सांगून टाकली. टिकलीची सुट्टी लागेपर्यंत पिल्लू शिकलं तर राहील, नाहीतर ह्यांच्या गोदामावर जाईल. माझे चिरंजीव एका गोदामात स्टोअरकीपर आहेत आणि तिथल्या वॉचमनला गेटवर बांधायला कुत्रं हवंच होतं. मग ती आणखी एक वाक्य बोलली. ‘‘दिवसभर वॉर्डात तेच काढते मी. घरी येऊन पण तेच? मला नाही जमणार.’’

चिडून नाही बोलली. बाई खरंच दमून येते, मला तिचा राग आला नाही. पण ते वाक्य माझ्या कानात जाऊन बसलं ते बसलंच.

सकाळी सगळे आपापल्या वाटेला लागले की घरात मी आणि ढब्बू. सूनबाईनं वॉर्डातल्या नव्या आयांना समजावतात तसं मला समजावून ठेवलं होतं. खाल्ल्यावर, झोपून उठल्यावर, खेळून झाल्यावर त्याला उचलायचं आणि गॅलरीतल्या रद्दी पेपरवर नेऊन उभं करायचं. केली की शाबासकी आणि बिस्किटाचा तुकडा. घरात केली तर मारायचं नाही, ‘नाही’ म्हणायचं आणि उचलून पेपरवर न्यायचं. आणि ती जागा नुसत्या पाण्यानं नाही, पाण्यात व्हिनेगर घालून पुसायची. वास राहिला की पिल्लाला वाटतं हाच आपला संडास.

बेटा हुशार निघाला. थोड्याच दिवसांत आपणहून गॅलरीकडे पळायला लागला. काम झालं की माझ्याकडे बघायचा, बिस्किट काढ म्हणून. मी खालच्या दुकानदाराला, शेजाऱ्याला, जो भेटेल त्याला सांगत सुटलो. नुसता भाव खात होतो.

आणि मग ती दुपार. जरा पडलो होतो. जाग आली ती घाईनंच. माझ्या खोलीतून बाथरूमपर्यंत एवढासा पॅसेज आहे, लहान मूलही धावत जाईल. मी उठलो, पायानं चप्पल चाचपडली, आणि पॅसेजमध्ये पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. थांबवू म्हटलं, थांबलं नाही. मी तिथेच उभा. ढब्बू समोर बसून शेपटी हलवत बघत होता.

धावपळ करून पायजमा तेवढा बदलला. फडकं शोधतोय तोवर दारात किल्ली फिरली. टिकली शाळेतून आली. तिनं दप्तरही खाली ठेवलं नव्हतं, पॅसेजमधलं ओलं बघितलं फक्त. मला कुणी काही विचारलं नव्हतं. तरी माझं तोंड आपलं आपणच बोललं, ‘‘बघ तुझ्या ढब्बूनं काय केलंय.’’

टिकली त्याच्यासमोर उकिडवी बसली, हळूच ‘नाही’ म्हणाली आणि त्याला उचलून गॅलरीत घेऊन गेली. तो बिचारा तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. बिस्किट मिळेल असं वाटलं असावं त्याला. मी फडकं घेऊन खाली बसलो आणि पुसत राहिलो, मान वर करायची हिंमतच होईना.

ते एकदाच झालं असतं तर एक वेळ विसरलो असतो. पण होत राहिलं. रोज नाही, पण होत राहिलं. कुणी बघायच्या आत निस्तरता आलं तर ठीक, नाहीतर ढब्बूच्या नावावर. त्यातही मी हुशारी करायला लागलो. खाटेपाशी झालं तर त्यावर चटकन रद्दी पेपर टाकायचो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं पिल्लाला निदान पेपर तरी कळतोय. पायजमा बाथरूममध्ये खळबळून टॉवेलखाली वाळत घालायचो. आणि पुसायचो नुसत्या पाण्यानं. व्हिनेगरचा वास घरात आला की सूनबाई विचारणार, आज परत का? तेवढ्यासाठी बाटलीला हात लावला नाही.

व्हायचं तेच झालं. ढब्बूला माझ्या खाटेपाशी वास लागला, वर पेपरही दिसला. तो शहाणा तिथेच करायला लागला. मग मी त्याच्यावर खेकसायचो. खरं सांगतो, गुन्हा त्याचा असला की मला बरंच वाटायचं, आवाज चढवायला हक्काचं कारण मिळायचं. तो इतका बावरला की कुठे करू नि कुठे नको असं झालं त्याला. सोफ्यामागे, कपाटाच्या आडोशाला, जिथे कुणी बघणार नाही तिथे जाऊन करायचा. मी दिसलो की पोट जमिनीला टेकवून पडायचा. शिकलेलं जनावर मी माझ्या हातानं बिघडवलं.

सांगून का टाकलं नाही? एकदा सूनबाई डबा विसरली म्हणून मी तो द्यायला वॉर्डात गेलो होतो. माझ्याच वयाच्या एका माणसाची चादर बदलत होती ती. ‘काका, जरा वर उचला, हं, शाब्बास,’ असं त्याला म्हणत होती. इतक्या गोड आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नाही. मला ती ‘बाबा, चहा गार होतोय, कितीदा सांगू’ असं म्हणते, थोडं वैतागून. मला तोच वैताग हवा होता. त्या गोड आवाजाची मला भीती बसली होती.

टिकलीची सुट्टी लागली. रविवारी सकाळी सूनबाईचा पाय सोफ्यापाशी ओल्यात पडला. पहाटे माझ्याकडून झालेलं ते, पुसायचं राहून गेलेलं. ती आरडाओरडा करणारी नाही. पाय धुऊन आली आणि म्हणाली, जेवणं झाली की ढब्बूला गोदामावर सोडून या. चिरंजीव माळ्यावरून झाकणाची टोपली काढायला गेले. मला वाटलं, आता टिकली घर डोक्यावर घेणार. ती हूं की चूं न करता ढब्बूचं भांडं, चेंडू, अंथरायचं फडकं गोळा करायला लागली.

मला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण आधी हायसं वाटलं. मुलगी समजूतदार आहे, प्रकरण मिटलं. मग डोक्यात आलं की ढब्बू गेल्यावर पुढचं कुणाच्या नावावर घालणार? असा विचार करणारा मी माणूस. स्वतःचीच किळस आली.

जेवणं कशीबशी झाली. मी खोलीत येऊन बसलो. थोड्या वेळानं टिकली आत आली आणि तिनं दार लोटलं. तिच्या हातात व्हिनेगरची बाटली होती आणि एक कोरडं फडकं. ती खाली वाकली आणि दोन्ही वस्तू माझ्या खाटेखाली अगदी भिंतीपाशी सरकवल्या.

‘‘आजोबा, हे इथे ठेवलंय,’’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘‘तुम्ही नुसत्या पाण्यानं पुसता ना, वास राहतो. शाळेतून आल्यावर, तुम्ही खाली गेलात की मी परत पुसायचे. पण आता ढब्बू नसणार. आईला लगेच कळेल.’’

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिला कधी कळलं, हे मी कसंतरी विचारलं. ती म्हणाली, पहिल्याच दिवशी. सकाळी मी निळा पायजमा घातला होता आणि ती आली तेव्हा पांढरा होता.

म्हणजे माझ्या एवढ्याशा नातीनं इतके दिवस गुडघे टेकून माझं पुसलं, आणि मी तिच्यासमोर तिच्याच पिल्लावर ओरडत राहिलो. जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते काय असतं हे मला त्या खाटेवर कळलं.

मी म्हटलं, ‘‘मग बोलली का नाहीस गं? ढब्बू तुझा ना?’’

तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ती रडतच नव्हती. सगळा विचार करून झालेला होता तिचा. ‘‘ढब्बू गोदामावर राहील. पप्पा रोज जातात तिथे, ते त्याला खायला देतील. तुम्हाला पाठवलं तर तुम्ही कुठे राहाल?’’

मी उठलो. पुढच्या खोलीत ढब्बू टोपलीत बसला होता आणि चिरंजीव झाकणाला दोरी बांधत होते. सूनबाई चष्मा पुसत खिडकीपाशी उभी होती. मी दारातच थांबलो, चौकटीला धरून.

‘‘दोरी सोड,’’ मी म्हटलं. ‘‘ते ढब्बूचं नव्हतं. माझं होतं.’’

मुलगा हसला. म्हणाला, काय बाबा, त्याला वाचवायला काहीही बोलाल तुम्ही. त्याच्याबरोबर मीही हसून मोकळा झालो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पळवाट आयती समोर होती आणि एक क्षण माझा पाय तिकडे वळलासुद्धा. पण टिकली माझ्या मागे येऊन उभी होती.

‘‘बाथरूममध्ये टॉवेलखाली माझा ओला पायजमा आहे,’’ मी म्हटलं. ‘‘जा, बघून ये.’’

त्याचं हसू विरलं. तो बघायला गेला नाही, दोरीच्या गाठीकडे बघत बसला. माझ्या मुलानं माझ्यापासून नजर चोरावी, हे बघायचं राहिलं होतं आयुष्यात.

सूनबाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याजवळ आली. कधीपासून होतंय, जळजळ होते का, उठल्यावर चक्कर येते का, एकेक विचारायला लागली. तोच आवाज. वॉर्डातला, गोड. मी खाली बघत हो-नाही करत होतो. मग तिचं तिलाच काही जाणवलं असावं, ती मध्येच थांबली. साध्या आवाजात म्हणाली, ‘‘बाबा, मला का नाही सांगितलंत?’’

माझ्याकडे उत्तर होतं, पण तिच्या तोंडावर कसं सांगायचं? ते टिकलीनं सांगितलं. ‘‘तू म्हणाली होतीस ना, घरी येऊन पण तेच, मला नाही जमणार.’’

सूनबाई खुर्चीवर बसली. चेहरा उतरला तिचा. इतका वेळ शरमेनं मी मेलो होतो, आता ती मान खाली घालून बसलेली, आणि ते मला माझ्या लाजेहून जास्त बघवेना. मी म्हटलं, अगं, ते तू कुत्र्याला म्हटलं होतंस.

‘‘कुत्र्यालाच म्हटलं होतंस ना, आई?’’ टिकलीनं विचारलं.

सूनबाईनं चष्मा परत काढला. टोपलीत ढब्बू नखं घासत होता.

‘‘नाही गं,’’ ती म्हणाली. ‘‘तेव्हा इतकी दमले होते की कुणालाही म्हटलं असतं. आजोबांनासुद्धा.’’

ती ‘हो’ म्हणाली असती तर आम्ही सगळे सुटलो असतो, आणि पुढच्या खेपेला मी पुन्हा फडकं लपवत बसलो असतो. टिकलीला मात्र ते उत्तर पुरलं नाही. ती टोपलीकडे गेली नाही, ढब्बूकडे तिनं बघितलंही नाही. माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून ती आईकडे बघत राहिली, आणि सूनबाईनं उठून माझा हात धरेपर्यंत तिनं ते सोडलं नाही.